तुमची ठेव मोडायची नाही

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

माझ्या घरासाठी ठेव मोडून द्यायला तुम्ही निघाला होतात. पण थोडे लहान घर आणि लांब मुदतीचे कर्ज घ्यायचे मी ठरवले असून कागदांवर सह्याही झाल्या आहेत. बाबा, कृपा करून यात परकेपणा पाहू नका. हप्ता माझ्या पगारात नीट बसतो; तुमची ठेव मात्र एकदा मोडली की ती भरून काढणारा पगार आता येणार नाही.

व्याजात आपले भागते, असे तुम्ही म्हणता आणि आज ते खरेच आहे. परंतु महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर दुपटीचा काळ काढायच्या ढोबळ नियमाप्रमाणे 72 ला 6 ने भागून येणाऱ्या सुमारे 12 वर्षांत हाच खर्च दुप्पट होईल, आणि सगळे व्याज खर्चून टाकले तर मुद्दल मात्र आहे तेवढेच राहील. म्हणून व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात परत टाकायला हवा. आई, तुझ्या वहीत औषधे अजून ‘किरकोळ’ सदरात आहेत. तुझा गुडघा, बाबांचे कानाचे यंत्र आणि गळके छत यांना तर सदरच नाही. हे खर्च कधी येतील ते सांगता येत नाही, पण येणार हे नक्की. त्यांच्यासाठी निदान वर्षभराच्या खर्चाएवढी रक्कम चटकन काढता येईल अशी वेगळी ठेवा आणि उरलेल्या ठेवी दरवर्षी एक संपेल अशा मुदतींच्या करा, म्हणजे अडचणीत मोठी ठेव मुदतीआधी मोडून व्याज गमवावे लागणार नाही.

यासाठी वर्तमानपत्र बंद करू नका, प्रवास टाळू नका, रात्री दिवे मालवून बसू नका. शाळेच्या सहलीचे पैसे मी मागायच्या आत माझ्या दप्तरात असायचे आणि ते कुठून आले, हे तुम्ही मला कधी कळू दिले नाहीत. आता आरोग्य विम्याचा हप्ता मी भरणार आहे. त्यावर वाद नको. सगळी खाती दोघांच्या नावावर आहेत ना आणि वारसनोंदी पूर्ण आहेत ना, हे बाबांनी याच आठवड्यात पाहावे. आणि आई, खर्चाकडे बघून गुडघ्याची तपासणी पुढे ढकलू नकोस. दिवस ठरला की मला कळव, मी रजा काढून येते.

तुमची,
ताई