तबेल्याच्या उंबरठ्यावरच्या उजेडासाठी

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

तुमच्या काळ्या मारवाडी घोडीचे छायाचित्र गेल्या आठवड्यात सुती कागदावर २४ बाय ३६ इंच आकारात छापून हाती आले आणि ते भिंतीला टेकवून पाहताना सर्वांत आधी तुम्हाला लिहावेसे वाटले. पत्र चारचौघांनी वाचावे अशा रीतीने लिहीत आहे, कारण घोड्याच्या चित्राखाली छायाचित्रकाराचे नाव येते, पण ज्याच्या हातांनी ते जनावर तसे दिसते त्या तुमच्यासारख्या मोतद्दाराचा, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याचा, उल्लेख क्वचितच होतो.

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या यात्रेला, तिथल्या घोडेबाजारात, मी दत्तजयंतीच्या सुमारास आलो, तेव्हा माझ्या डोक्यात फक्त वेग होता. धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात, हे छायाचित्रकार मायब्रिजने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून दाखवले, आणि घोड्याचे चित्र म्हणजे असा क्षण पकडणे, अशीच माझी समजूत होती. तापीकाठी रेवाल या घोड्यांच्या खास चालीने जाणारे घोडे मी दिवसभर टिपत राहिलो. प्रत्येक चित्रात मागे तंबू, दोर आणि गर्दी होती. शिवाय कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन सगळ्याच रंगांना मधल्या करड्या छटेकडे ओढत असल्यामुळे पांढरे नुकरा घोडे मळके आणि काळे घोडे राखाडी दिसत होते. रंगांची चूक मी दुसऱ्या दिवशी सुधारली. चित्रांतला कोरडेपणा मात्र तसाच राहिला.

संध्याकाळी तुम्ही ती चित्रे शांतपणे पाहिलीत आणि एवढेच म्हणालात, “सकाळी तबेल्यावर या, कॅमेरा पिशवीतच ठेवा.”

त्या सकाळी तुम्ही घोडीला दाराच्या उंबरठ्यापासून एक पाऊल आत उभे केलेत आणि खरारा करायला घेतलात. रोज तिथेच का, असे मी विचारले, तेव्हा तुम्ही सांगितलेत की तिथे बाहेरचा उजेड आडवा येतो आणि अंगावर राहिलेला धुळीचा कणही दिसतो. मी ज्या उजेडासाठी महागडे दिवे विकत घेण्याच्या विचारात होतो, तो तुम्ही स्वच्छतेसाठी कितीतरी वर्षांपूर्वी हेरून ठेवला होता. मागे तबेल्याचा गडद अंधार, पुढे आभाळाचा मऊ उजेड, आणि खराऱ्याने त्वचेतले तेल केसांवर पसरल्यामुळे मानेवर आलेली ती निळसर झाक! आयाळ, गालाचे हाड, डोळ्यातला ठिपका, सारे काही त्या एका पावलाच्या अंतरामुळे उठून दिसले.

घोड्याला कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जायचे, हेही तुमच्याकडूनच शिकलो. मी लांब पल्ल्याची लेन्स लावून तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसलो, कारण जवळून घेतल्यास नाक फुगलेले दिसते. मग तुम्ही तोबऱ्यातले हरभरे एकदाच खुळखुळवलेत. कान पुढे वळले, त्यांची टोके एकमेकांना टेकली आणि मी बटण दाबले. दुसऱ्यांदा ती फसणार नाही, हे तुम्ही आधीच सांगून ठेवले होते.

यापेक्षाही मोठे ऋण त्यानंतरचे आहे. मोरकी, म्हणजे तोंडावर बांधलेली दोरी, संगणकावर पुसताना मी कपाळावरचे केसही गुळगुळीत केले आणि चित्र तुम्हाला पाठवले. तुम्ही फोन करून म्हणालात, “ही आपली घोडी नाही, हिचा भोवरा कुठे गेला?” प्रत्येक घोड्याच्या कपाळावरचा केसांचा भोवरा वेगळा असतो आणि त्यावरूनही त्याची ओळख पटते, हे मला तोवर माहीत नव्हते. सुंदर करण्याच्या भरात मी तिची ओळखच पुसली होती. मूळ चित्र पुन्हा उघडले, फक्त मोरकी काढली आणि बाकी कशालाही हात लावला नाही. छापलेले चित्र तेच आहे.

येत्या दत्तजयंतीला त्याची एक प्रत काचेमागे मढवून तुमच्यासाठी घेऊन येत आहे. तिच्याखाली तुमचे नाव माझ्या नावाच्या आधी लिहिले आहे. भिंतीवर लावण्यापूर्वी कपाळावरचा भोवरा एकदा घोडीशेजारी धरून पाहावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक छायाचित्रकार