चिकानो विद्यार्थी संघटना आणि ‘वेगळी चूल’

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अमेरिकी विद्यापीठांतील चिकानो (मेक्सिकन वंशाचे अमेरिकी) आणि लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रिया) विद्यार्थी संघटनांविषयी जे अधूनमधून छापून येते, त्यात एक प्रश्न हमखास असतो: विद्यापीठ सर्वांना खुले असताना एका समाजाने आपली वेगळी चूल का मांडावी? उच्च शिक्षणासाठी कॅलिफोर्नियात असताना या संघटनांचे काम मी जवळून पाहिले, आणि हा प्रश्नच चुकीच्या जागेवरून विचारला जातो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मार्च 1968 मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधील हजारो मेक्सिकन-अमेरिकन विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा होत असे आणि हुशार मुलांनाही महाविद्यालयाची वाट दाखवण्याऐवजी हातकामाच्या वर्गांकडे वळवले जाई. ‘चिकानो’ हा हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द याच पिढीने अभिमानाने स्वतःला लावून घेतला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सांता बार्बरा येथे झालेल्या परिषदेत निरनिराळ्या विद्यापीठांतील गट एकत्र आले आणि ‘मेचा’ (‘आस्त्लानची चिकानो विद्यार्थी चळवळ’ या अर्थाच्या स्पॅनिश नावाचे लघुरूप) ही संघटना उभी राहिली. तेथे ठरलेल्या आराखड्याचा भर आपल्या समाजातील मुलांचे प्रवेश, त्यांना आर्थिक आधार, त्यांच्या इतिहासाचा अभ्यासक्रम आणि त्यांच्यातील प्राध्यापक यांवर होता. ज्यांना विद्यापीठात यायचे होते आणि आल्यावर टिकायचे होते, त्यांच्या या मागण्या आहेत. त्या काळच्या काही जाहीरनाम्यांची भाषा प्रक्षोभक होती, हे मान्य केले पाहिजे. पण टीकाकार नेमकी तेवढीच वाक्ये उचलतात आणि 1993 मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चिकानो अभ्यासाच्या विभागासाठी झालेले 14 दिवसांचे उपोषण मात्र विसरतात.

या सगळ्यात मुलींचा उल्लेख सहसा एका ओळीत उरकला जातो, याचे मला विशेष वाईट वाटते. लाँग बीच येथील विद्यापीठात ॲना निएतो-गोमेझ ही विद्यार्थिनी तेथील ‘मेचा’च्या अध्यक्षपदी निवडून आली, तेव्हा बाईचे नेतृत्व सहन न झालेल्या काही पुरुष सहकाऱ्यांनी तिच्या पुतळ्याला फाशी दिली. समाजावरच्या अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या तरुणांनी आपल्याच सहकारी मुलीला दिलेली ही वागणूक होती. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी चळवळ सोडली नाही. 1971 मध्ये त्यांनी ‘इहास दे क्वाउतेमोक’ हे स्वतःचे वृत्तपत्र काढले आणि बालसंगोपन, कुटुंबनियोजन, घरातील कामाची वाटणी हे विषय चळवळीच्या पटलावर आणले. त्यानंतर चारच वर्षांनी न्यू जर्सीतील कीन महाविद्यालयात लॅटिना विद्यार्थिनींनी आपली पहिली भगिनीसंस्था (सोरोरिटी, म्हणजे विद्यार्थिनींचा संघ) स्थापन केली. पुढे 2019 मध्ये तर ‘मेचा’च्या प्रतिनिधींनी, आपल्या नावातील शब्द अनेकांना वगळतात या कारणास्तव, ‘चिकानो’ आणि ‘आस्त्लान’ (अ‍ॅझ्टेक लोकांची दंतकथेतील मूळभूमी) हे दोन्ही शब्द नावातून काढण्याच्या बाजूने मत दिले. स्वतःच्या नावाबद्दलही असा वाद घालू शकणाऱ्या संघटनेला संकुचित कसे म्हणावे, हे मला समजत नाही.

आमच्या विद्यापीठाच्या हिरवळीवर एका शनिवारी अशाच एका गटाने दोन घडीची टेबले मांडली होती. एक आई मुलाच्या आर्थिक मदतीचा सरकारी अर्ज भरण्यासाठी आली होती. तिला इंग्रजी येत नव्हते आणि सगळी कागदपत्रे तिने एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यापाशी ती थांबली, कारण शेतावरची मजुरी हंगामाप्रमाणे मिळते आणि वर्षाची बेरीज तिने कधी केलेली नव्हती. दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी तिच्या खुर्चीशेजारी गुडघे टेकून बसली आणि एकेक पावती वाचत तिने ती बेरीज वहीच्या मागच्या पानावर करून दिली. विद्यापीठाच्या कार्यालयात हे काम करायला त्या आईबरोबर कोणी बसले असते का, याची मला शंका आहे.

टेक्सासमध्ये 1 जानेवारी 2024 पासून लागू झालेल्या कायद्याने सरकारी विद्यापीठांतील विविधता व समावेशनाची कार्यालये बंद केली. विद्यार्थी संघटनांना कायद्यातून सूट आहे, हे खरे. परंतु ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात ज्या केंद्रातून लॅटिनो विद्यार्थ्यांच्या गटाला जागा आणि निधी मिळत असे ते केंद्रच बंद झाले, आणि खोली व पैसा काढून घेतल्यावर कागदावरच्या सुटीचा उपयोग किती उरतो? समान वागणुकीच्या नावाखाली हे घडले असल्यामुळे त्याची बातमी देताना अधिक काळजी घेतली जावी, असे मला वाटते.

म्हणून विनंती अशी की, यापुढे या विषयावर मजकूर छापताना ‘वांशिक गट’ एवढ्या शब्दांवर न थांबता त्या संघटनेचे नाव, तिची स्थापना आणि ती प्रत्यक्ष करत असलेले काम यांचीही माहिती द्यावी. चिकानो म्हणजे स्पेनमधून आलेले लोक नव्हेत, ही दुरुस्तीही त्यासोबत व्हावी. त्यांच्यातील काहींचे पूर्वज तर 1848 मध्ये मेक्सिकोचा कॅलिफोर्नियासह मोठा प्रदेश अमेरिकेकडे जाण्याआधीपासून तेथे राहत होते.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक