पुस्तक जरूर वाचा, पण माणसाला त्याच्यासोबत एकटं सोडू नका

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत सिगारेट सोडू पाहणाऱ्यांनी कोणती सेल्फ-हेल्प पुस्तकं वाचावीत, यावरचा लेख वाचला. विषय महत्त्वाचा आहे आणि लेखकाची कळकळही दिसते. पण मनात निश्चय असेल तर एवढं एक पुस्तक पुरेसं आहे, असा लेखाचा जो शेवट आहे तो मला पटला नाही. मी सिन्नरच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात अनेक वर्षं ग्रंथपाल आहे. ही पुस्तकं माझ्या हातून घरोघरी जातात आणि माझ्याच हातात परत येतात. पुस्तकांवर माझा जीव आहे, म्हणूनच त्यांच्याकडून नेमकं काय होतं आणि काय होत नाही, हे नीट सांगितलं जावं असं वाटतं.

पुस्तकाचा उपयोग काहीच नाही, असं मी मुळीच म्हणणार नाही. या विषयावरचं जगभर सर्वांत जास्त खपलेलं पुस्तक ॲलन कार या इंग्रज हिशेबनिसाचं, 1985 सालचं. हा माणूस दिवसाला शंभराच्या घरात सिगारेटी ओढायचा आणि 1983 मध्ये त्याने त्या सोडल्या. त्याचा मुद्दा साधा आणि पक्का आहे. निकोटीन झुरक्यासरशी काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. ते उतरू लागलं की अस्वस्थ वाटायला लागतं, आणि पुढची सिगारेट ती अस्वस्थता तेवढ्यापुरती शमवते. म्हणजे ज्याला आपण ‘टेन्शन गेलं’ म्हणतो, ते टेन्शन बरंचसं आधीच्या सिगारेटनेच आणलेलं असतं. 2014 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यातही हेच दिसलं: सिगारेट सोडलेल्यांची चिंता, ताण आणि उदासी सोडल्यानंतर कमी झाली होती. ‘सिगारेटशिवाय माझं डोकंच चालत नाही’ ही समजूत कित्येक वर्षांची असते. ती शांतपणे, पानामागून पान उलगडून खोडण्याची ताकद पुस्तकात आहे. डॉक्टरांच्या दोन मिनिटांच्या तंबीत ती नाही. कारचं पुस्तक तर वाचून संपेपर्यंत सिगारेट ओढत राहा असं सांगतं, त्यामुळे वाचणारा घाबरून ते मिटून ठेवत नाही. माणसाचं मन ओळखून केलेलं हे लेखन आहे.

प्रश्न त्यापुढचा आहे. आपल्या लेखात या पद्धतीच्या यशाचे जे दाखले आहेत, त्यांत पुस्तक आणि प्रत्यक्ष सत्र यांची सरमिसळ झाली आहे. कारच्या पद्धतीची वैद्यकीय कसोटी झाली, हे खरं आहे. आयर्लंडमध्ये तीनशे धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात वर्षाअखेर तिच्या गटातले 22 टक्के लोक सिगारेटमुक्त होते, तर सरकारी ऑनलाइन सेवेच्या गटातले 11 टक्के. नंतर लंडनमध्ये सहाशेहून अधिक लोकांवर अभ्यास झाला, तेव्हा सहा महिन्यांनी हे प्रमाण सुमारे 19 टक्के होतं आणि तज्ज्ञ समुपदेशकाकडे पाठवलेल्यांमध्ये सुमारे 15 टक्के. एवढ्या फरकावरून एक पद्धत दुसरीपेक्षा सरस ठरत नाही. पण दोन्ही ठिकाणी कसोटीला लावलं होतं ते प्रशिक्षित माणसाने समोर बसून घेतलेलं कित्येक तासांचं सत्र. त्यात प्रश्न विचारता येतात, शेजारी आपल्यासारखेच चार जण असतात, पुन्हा ओढली तर परत येता येतं. घरी खाटेवर पडून वाचलेल्या पुस्तकाला ते आकडे लावता येत नाहीत. आणि सत्राचे आकडे घेतले तरी पाचांतले चार जण पुढेही ओढतच राहिले, हे वाचकाला सांगायला नको का?

नुसत्या छापील मजकुराचं काय, याचंही उत्तर उपलब्ध आहे. अभ्यासांचे एकत्रित आढावे काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2019 मध्ये पुस्तिका, पत्रकं वगैरे छापील साहित्याचा आढावा घेतला. दुसरी काहीही मदत नसलेल्या माणसाच्या हाती असं साहित्य दिलं, तर सोडणाऱ्यांचं प्रमाण सुमारे एक पंचमांशाने वाढतं. ऐकायला बरं वाटतं. पण आपलं आपण सोडायला निघालेल्यांपैकी वर्षभर टिकणारे मुळात शंभरात तीन-पाचच असतात. पाचांचे सहा झाले, एवढाच याचा अर्थ. तो सहावा माणूस कुणाचा तरी बाप आहे, नवरा आहे, त्याचं मोल मला कमी वाटत नाही. लाखो लोकांपर्यंत स्वस्तात पोचणारं साधन म्हणून पुस्तक अवश्य वापरावं. पण उरलेल्या चौऱ्याण्णवांचं काय, हा विचार लेखात कुठेच नाही.

त्यांचं काय होतं, हे मला दिसतं. पुस्तक वाचून सुटलेला माणूस दहा जणांना सांगतो, कौतुकाने वर्तमानपत्राला पत्रही लिहितो. ज्याला जमलं नाही तो गप्प पुस्तक टेबलावर ठेवतो आणि निघून जातो. त्यामुळे आपल्या कानावर फक्त यशाच्या गोष्टी येतात. एक तरुण पुस्तक परत करताना म्हणाला होता, “मॅडम, पुस्तकात सोपं आहे असंच लिहिलंय. म्हणजे खोट माझ्यातच आहे.” त्याची खोट नव्हती. निकोटीनची सवय सुटताना पहिल्या आठवड्यात चिडचिड, झोप उडणं, कामात लक्ष न लागणं, सारखं खावंसं वाटणं हे सगळं जोरात येतं आणि त्यातलं बरंचसं ओसरायला तीन-चार आठवडे लागतात. बहुतेकांना एकाहून जास्त वेळा प्रयत्न करावा लागतो. हे आधी सांगितलं तर माणूस घसरल्यावर पुन्हा उभा राहतो. ‘ठरवलं की झालं’ असं सांगितलं तर तो स्वतःलाच नालायक समजू लागतो, आणि असा माणूस पुढचा प्रयत्न करत नाही. माझा खरा राग या एका गोष्टीवर आहे.

आणखी एक गोष्ट. ही पुस्तकं नेणाऱ्यांमध्ये बायका आणि मुली पुष्कळ असतात. वडिलांसाठी, नवऱ्यासाठी, नुकत्याच कॉलेजात गेलेल्या भावासाठी नेतात. ज्याने वाचायचं तो वाचतोच असं नाही. उशाशी ठेवलेल्या त्या पुस्तकावरून घरात भांडणंही होतात. अशा बाईला काय करता येईल, हे सांगणारं एकही पान मला त्या पुस्तकांत सापडलेलं नाही.

मग औषधांचा मुद्दा. कारच्या पद्धतीत निकोटीनच्या गमला आणि त्वचेवर चिकटवायच्या पट्टीला विरोध आहे. एक व्यसन सोडवायला त्याच पदार्थाचा आधार कशाला, असा तो युक्तिवाद. वाचायला तर्कशुद्ध वाटतो, पण पुरावा त्याच्या विरुद्ध आहे. निकोटीनचा पर्यायी पुरवठा केला तर सोडण्यात यश मिळण्याची शक्यता निम्म्याहून अधिक वाढते, असं शंभराहून जास्त अभ्यासांतून दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्येच त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं, आणि भारताच्या 2022 च्या राष्ट्रीय यादीतही ते आहे. दोन मिलिग्रॅमचा गम आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळतो. पण तो कसा वापरायचा हे कुणी सांगत नाही. लोक तो च्युइंगगमसारखा भराभर चघळतात, घशाशी जळजळतं, उचकी लागते आणि ‘आपल्याला नाही सोसत’ म्हणून टाकून देतात. तो हळूहळू चावायचा, तिखट चुरचुर जाणवली की गालात दाबून ठेवायचा, चव गेली की परत चावायचा. चहा, कॉफी किंवा सरबत घेतल्यावर लगेच तोंडात टाकला तर निकोटीन नीट शोषलंच जात नाही. आणि आपल्याकडे तलफ येते ती नेमकी टपरीवर, कटिंग हातात असताना! एवढी साधी माहिती छापायला चार ओळी लागतात. आपल्या लेखात गमचा उल्लेख ‘कुबडी’ एवढाच आला, याचं वाईट वाटलं. पुस्तकाच्या भरवशावर कुणी चालू उपचार टाकून देऊ नये.

आता आपल्या महाराष्ट्राकडे बघू. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू सेवन करणारे निघाले. त्यात धूर ओढणारे फक्त 3.8 टक्के. धूरविरहित तंबाखूवाले 24.4 टक्के: चुना मळून खाणारे, गुटखा खाणारे, सकाळी मिश्री लावणाऱ्या बायका. काही जण दोन्ही करतात. देशभरातही सिगारेट ओढणारे प्रौढ 4 टक्के आणि विडी ओढणारे 7.7 टक्के. दुकानात आणि आमच्या कपाटात जी पुस्तकं आहेत ती बहुतेक परदेशी सिगारेटवाल्याला समोर ठेवून लिहिलेली. त्याची पार्टी, त्याची ऑफिसमधली सुट्टी, त्याच्या जेवणानंतरची सिगारेट. आमच्या तालुक्यात मांडीवर सूप घेऊन पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी विड्या वळल्या. त्या घरातल्या माणसाला विडी विकत घेण्याआधीच ती हाताशी असते. शेतावर दुपारच्या भाकरीनंतर तंबाखूची चिमूट तोंडात टाकणारा गडी, रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून तंबाखू धरणारा एमआयडीसीतला कामगार, दात दुखतात म्हणून मिश्रीला लागलेली आजी, यांच्यासाठी मराठीत सोप्या भाषेत, त्यांच्या दिवसाचा विचार करून लिहिलेलं पुस्तक हवं आहे. कॉक्रेनच्याच आढाव्यात व्यक्तीची माहिती घेऊन तिच्यापुरता बेतलेला मजकूर काहीच न देण्यापेक्षा जास्त परिणाम करताना दिसतो, मात्र तशाच प्रकारे पाठवलेल्या सरसकट मजकुरापेक्षा तो सरस ठरलेला नाही. तरी आपल्या माणसांसाठी आपलं लिहा, ही मागणी नुसती अस्मितेची नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेच ध्वनिफितीवर द्यावं.

लिहिलेल्या शब्दाने व्यसनमुक्तीत काय होऊ शकतं, याचं आपल्याजवळचं उदाहरण पुण्याचं आहे. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी पैसा पुढे केला, आणि 1986 मध्ये डॉ. सुनंदा अवचट यांच्या पुढाकाराने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. त्या लेखांनी वाचकांना जागं केलं, पण व्यसनी माणसाच्या हातात लेख देऊन कुणी थांबलं नाही. तिथे समूहसभा आल्या, कुटुंबाला सामील करून घेणं आलं, घरी गेल्यावरचा पाठपुरावा आला. गडचिरोलीत 2016 पासून ‘मुक्तिपथ’चं दारू-तंबाखूविरुद्धचं कामही गावागावांत माणसं उभी करूनच चाललं आहे.

म्हणून आपल्याकडे एक ठोस विनंती आहे. व्यसन सोडण्यावरचा कोणताही लेख छापताना त्याखाली चौकटीत राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा 1800-11-2356 हा मोफत क्रमांक द्यावा. 2016 पासून ही सेवा चालू आहे. इतर भाषांबरोबर मराठीतूनही बोलता येतं, आणि समुपदेशक नंतर पुन्हा फोन करून विचारपूस करतात. फोनवरच्या अशा पाठपुराव्याने यशाचं प्रमाण वाढतं, हेही अभ्यासांत दिसलं आहे. 2018 पासून हा नंबर प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. पण आपल्याकडे कितीतरी लोक सुट्टी सिगारेट घेतात, त्यांच्या हाती पाकीट येतच नाही. सप्टेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने सुट्ट्या विक्रीवर बंदी घातली, तरी टपऱ्यांवर ती सर्रास चालू आहे. ज्याला बोलायचा संकोच वाटतो त्याने 011-22901701 वर मिस्ड कॉल दिला तर मोबाईलवर संदेश येऊ लागतात.

आमच्या ग्रंथालयात या विषयाच्या प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या कव्हरवर, तारखेच्या चिठ्ठीशेजारी, हे दोन्ही नंबर आम्ही चिकटवले आहेत. गम कसा वापरायचा याचा छोटा कागदही ठेवला आहे. तो तालुक्यातल्या एका डॉक्टरांनी तपासून दिला. राज्यातल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांना हवा असेल तर आम्ही तो आनंदाने पाठवू. आपण तो आपल्या पुरवणीत छापलात तर फारच बरं होईल.

कळावे,
आपली नम्र,
एक ग्रंथपाल, सिन्नर (जि. नाशिक)