फिश टँकमध्ये तुरटी फिरवू नका

महोदय,

पावसाळा आला की घरगुती युक्त्यांच्या सदरांतून एक सल्ला हमखास डोकावतो. फिश टँकचे पाणी धूसर झाले तर तुरटीचा खडा फिरवा, आणि तेवढ्याने भागले नाही तर सगळे पाणी काढून टँक आणि फिल्टर नळाखाली खळखळून धुवा. पिण्याच्या पाण्याला तुरटी चालते, मग माशांना का नको, असा त्यामागचा विचार असावा. पण ज्या टँकमध्ये माती, जिवंत वनस्पती आणि मासे आहेत, तिथे हे दोन्ही उपाय माशांच्या जिवावर बेततात, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी तुरटीचा हिशेब पाहू. तुरटी पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल झेलून पीएच (आम्लतेचे माप) स्थिर ठेवण्याची ताकद, खाते. मुंबई-ठाण्याला तलावांतून येणारे पाणी मुळातच मृदू असते. त्यात अ‍ॅक्वा सॉईल (टँकमधल्या वनस्पतींसाठीची तयार माती) वापरली असेल, तर तीही उरलीसुरली क्षारता ओढून घेते. २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच टँकमध्ये माती-दगड वजा जाता साधारण ४५ लिटर पाणी राहते. त्याची क्षारता लिटरला ४० मिलिग्रॅम धरली, तर चहाचा एक चमचा, म्हणजे पाच-सहा ग्रॅम तुरटी ती संपवायला पुरते. मग पीएच कोसळतो आणि आम्ल पाण्यात विरघळलेले तुरटीतले अ‍ॅल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांवर बसते. शुद्धीकरण केंद्रात पाण्याचा नमुना तपासून तुरटीची मात्रा ठरवतात, गाळ बसू देतात, मग पाणी वाळूतून गाळतात. घरी हातातला खडा किती झिजला हे कोण मोजते? शिवाय तुरटीने फॉस्फेटही खाली बसते आणि वनस्पती उपाशी राहतात, ते वेगळेच.

उपायाआधी निदान हवे, आणि त्याला काचेचा एक स्वच्छ ग्लास पुरतो. टँकच्या मधल्या थरातले पाणी ग्लासात घ्या, मागे पांढरा कागद धरून रंग पाहा आणि ग्लास रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी थर बसून वर पाणी नितळले असेल, तर ती मातीची किंवा वाळूची धूळ. फिल्टरमध्ये बारीक फिल्टर वूल भरले की एक-दोन दिवसांत ती जाते. पुढच्या वेळी पाणी ओतताना मातीवर एक बशी ठेवा. पाणी पिवळसर तपकिरी पण आरपार दिसत असेल, तर तो ड्रिफ्टवूडचा (टँकमधल्या सजावटीच्या लाकडाचा) रंग. त्याने माशांना काही होत नाही. नजरेला खटकत असेल तर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन वापरा.

सकाळीही ग्लास दुधाळच राहिला, तर बहुतेक वेळा ते जिवाणू असतात. नव्या टँकमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पुढे आठवडा-दीड आठवडा हे दिसते. मातीतून सुटलेले सेंद्रिय पदार्थ, ड्रिफ्टवूडवरचा बुळबुळीत थर, जास्तीचे खाद्य आणि कुजणारी पाने यांवर ते वाढतात. नव्याने लावलेली क्रिप्टोकोरीन ही पाणवनस्पती बहुतेकदा पाने विरघळवून टाकते. ती मेली समजून उपटू नका. मऊ पडलेली पाने देठापासून कापा, मुळे राहू द्या. नवी पाने फुटतात. हे जिवाणू इतके सूक्ष्म असतात की स्पंजातून सहज निसटतात, म्हणून फिल्टर पुन्हा पुन्हा धुऊन हाती काही लागत नाही. खरा धोका धूसरपणाचा नाही, प्राणवायूचा आहे. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात, त्यात हे जिवाणू, आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडझाप करताना दिसतात. म्हणून रात्रभर एअर पंप चालू ठेवावा, वनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइड देत असाल तर तो दिवे मालवण्याच्या तासभर आधी बंद करावा, खाद्य तीन दिवस थांबवावे आणि अमोनिया (कुजण्यातून आणि माशांच्या विष्ठेतून होणारा विषारी पदार्थ) तपासावा. लिटरला ०.२५ मिलिग्रॅम किंवा जास्त आला, तर रोज ३० ते ५० टक्के पाणी बदलावे. इथे पीएचकडे लक्ष हवे. २८ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, पीएच ८ असताना साडेसहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चाचणीतला तोच आकडा पीएच जास्त असलेल्या बोअरवेलच्या पाण्यात कितीतरी घातक ठरतो.

जुना, स्थिरावलेला टँक अचानक दुधाळ झाला, तर कुठेतरी काहीतरी मेले आहे असे समजून शोधा. ड्रिफ्टवूडमागे अडकलेला मासा, मातीत मेलेली गोगलगाय किंवा फिल्टरमधले अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू. शेवटचे कारण सर्वांत जास्त आढळते. स्पंज नळाखाली धुतला की क्लोरीन त्यांना मारते. लोडशेडिंगमध्ये बंद कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवलेला डब्याचा फिल्टर) तासन्‌तास पडून राहिला, तर ते प्राणवायूविना मरतात आणि वीज आल्यावर आतले कुजके पाणी थेट टँकमध्ये येते. दोन-तीन तासांहून जास्त वीज गेली असेल, तर कॅनिस्टर उघडून आतले पाणी ओतून द्यावे आणि मगच तो सुरू करावा. स्पंज नेहमी टँकमधून काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळावा, आणि सगळे स्पंज एकाच दिवशी कधीच नाही.

हिरवे पाणी म्हणजे तरंगते शेवाळ. ते नुसते पाणी बदलून जात नाही, उरलेले शेवाळ चार दिवसांत पुन्हा तेवढेच होते. निम्मे पाणी बदलून टँक जाड चादरीने तीन-चार दिवस पूर्ण झाका, एअर पंप चालू ठेवा, मधे डोकावू नका. नंतर मेलेल्या शेवाळाचा अमोनिया होऊ नये म्हणून पुन्हा निम्मे पाणी बदला. यूव्ही दिव्याने हे काम सोपे होते, पण खिडकीचे ऊन आणि दहा-बारा तास जळणारे दिवे तसेच राहिले तर पाणी पुन्हा हिरवे होणार. सहा-सात तास उजेड पुरे.

बोअरवेलच्या पाण्यात पीएच वाढवण्यासाठी खायचा सोडा टाकल्यावर लगेच पांढुरके ढग उठले, तर तो चुना. ग्लासातल्या नमुन्यात व्हिनेगरचे काही थेंब टाकून ते विरले की खात्री पटते. सोडा थांबवावा, एवढाच उपाय.

बदलायच्या पाण्यातले क्लोरीनही काढायला हवे. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे लागते; पावसाळ्यात ते वाढते. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम सोडियम थायोसल्फेट विरघळवून ठेवा. क्लोरीन लिटरला १ मिलिग्रॅम असेल तर १०० लिटर पाण्याला या द्रावणाचे ७ मिली पुरतात.

महापालिका गढूळ पाण्याची सूचना देतात, तेव्हा त्या दिवशी क्लोरीनची मात्रा किती ठेवली आहे हेही सांगू शकतात. आकडा त्यांच्याकडे असतोच. पाणीकपातीच्या बातमीखाली आपण तो एका ओळीत छापावा, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे