क्रीडामंत्री महोदय, आमच्या मैदानाचं कुलूप काढा

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

आमच्या शहरात मी एकोणीस वर्षं मुलींना खो-खो शिकवते. विद्यापीठाच्या मैदानावर एका कोपऱ्यात आम्ही, पलीकडे कबड्डीचा संघ, मधे फुटबॉलची पोरं, असे वेळ वाटून घेऊन खेळत आलो. आमचं क्रीडांगण आम्हीच राखलं. खडे वेचले, पाणी मारलं, फक्की पदरच्या पैशांनी आणली.

गेल्या महिन्यात तिथे प्रदर्शनाचा मांडव उभा राहिला. ‘तुमच्या कोपऱ्याला हात लागणार नाही,’ असा शब्द दिला होता. तो पाळला नाही. मांडव निघाला, लोखंडी खुंट्या मातीतच राहिल्या. सोमवारी माझ्या संघातल्या चौदा वर्षांच्या एका मुलीने गडी टिपायला सूर मारला आणि तिचा गुडघा फाटला. नऊ टाके पडले. तिची आई धुणीभांडी करते. दवाखान्याचं बिल आम्ही वर्गणी काढून भरलं.

सरावाआधी मी रोज तिथून अनवाणी चालून बघते. सोमवारी उशीर झाला म्हणून चालले नाही. तेव्हापासून मला झोप नाही. पण खुंट्या मी ठोकल्या नव्हत्या, साहेब.

तक्रार केली, तर दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप. ‘बाहेरच्या संघांना प्रवेश नाही.’ माझ्या चार मुली याच विद्यापीठाच्या संघातून खेळल्या, तेव्हा त्या बाहेरच्या नव्हत्या!

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आम्हीही पेढे वाटले. अशा खेळाडूंची सुरुवात मातीत होते. खो-खोला माती लागते ती 27 बाय 16 मीटर. तेवढीही तुमच्या राज्यात मुलींच्या वाट्याला येत नाही?

विद्यापीठ म्हणतं जागा आमची, नगरपालिका म्हणते विद्यापीठाला विचारा, क्रीडा कार्यालय म्हणतं आमच्या अखत्यारीत नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत क्रीडा हा राज्याचा विषय आहे. म्हणजे तो तुमचा आहे. पदक आलं की खेळाडू सगळ्यांचा, आणि गुडघा फुटला की कुणाचाच नाही, हे मी एकोणीस वर्षं बघते आहे.

कुलूप काढा. मैदानावर मांडव घालणं बंद करा. संघांच्या वेळा लेखी द्या. तोंडी शब्द आता नको.

गुरुवारी तिचे टाके निघतील. ‘सरावाला कुठे येऊ?’ असं ती रोज विचारते.

आपली,
एक खो-खो प्रशिक्षक