रॉड्रिग्जची गाळलेली पाने

डेट्रॉइटचा लोक-रॉक गायक-गीतकार सिक्स्टो रॉड्रिग्ज म्हटले की 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' या माहितीपटाचीच कथा सांगितली जाते. १९७० आणि १९७१ चे दोन्ही अल्बम अमेरिकेत आपटले, तो पाडकामाची अंगमेहनत करत राहिला आणि १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेने त्याला डोक्यावर घेतले, इथवर ठीक. पण १९७९ आणि १९८१ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियात दौरे केले होते, हे माहितीपटाने चक्क गाळले. (ऑस्कर मिळाले ते मिळालेच!) मला तर तोच भाग मोलाचा वाटतो. परदेशात टाळ्या घेऊन आलेला माणूस पुन्हा मजुरीला लागतो, यात अज्ञातवासापेक्षा जास्त नाट्य आहे. रॉयल्टी कुणाच्या खिशात गेली, याचाही माहितीपटाने नीट पाठपुरावा करायला हवा होता.

– एक वाचक, नाशिक