बाबांच्या पायाच्या जखमेबद्दल

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ‘नखाएवढं कापलं आणि घोट्यापर्यंत पाय कसा सुजला?’ तेव्हा मी कामात होते, दोन शब्दांत उरकलं. नंतर चुटपुट लागून राहिली, म्हणून सविस्तर लिहितेय.

जंतू बाहेरूनच आला असेल असं नाही. आपल्या कातडीवर जंतू कायमच असतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू तर साधारण दर तिघांपैकी एकाच्या नाकात मुक्कामाला असतो आणि त्या माणसाला काहीही होत नाही. कातडी फाटली की त्याला आत ओल, ऊब आणि खाद्य मिळतं. तरी आत शिरला म्हणजे आजार झाला, असंही नाही. आपल्याला कितीदा खरचटतं, आणि पांढऱ्या पेशी जंतूंना तिथल्या तिथे गिळून टाकतात. जंतूला आधी चिकटून बसावं लागतं, मग त्या पेशींना चुकवून वाढावं लागतं. काही जंतू सगळं मनासारखं मिळालं तर २० मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे सात तासांत एकाचे वीस लाख. शरीर एवढी मोकळीक सहसा देत नाही, पण तुमची शुगर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी मंदावतात. मला काळजी त्याचीच आहे.

आमच्या लॅबमध्ये जखमेतला नमुना रक्त घातलेल्या आगरच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर ओढतात आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. नमुन्यात तो स्टॅफिलोकोकस असला, तर सकाळी झाकण उघडलं की टाचणीच्या डोक्याएवढे त्याच्या वसाहतींचे सोनेरी ठिपके दिसतात आणि त्यांच्याभोवती लाल रंग उडालेलं स्वच्छ कडं. त्या कड्यातल्या रक्तपेशी जंतूच्या विषाने फुटलेल्या असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोटात खड्डा पडला होता. तुमच्या जखमेत कुठला जंतू आहे ते मला इथून सांगता येणार नाही, पण विष म्हणजे काय ते त्या प्लेटवर डोळ्यांना दिसतं.

कधीकधी सगळा आजार त्या विषाचाच असतो. धनुर्वाताचा जंतू जखमेतच बसून राहतो. त्याचं विष मज्जातंतूंमधून वर चढतं आणि स्नायूंना सैल सोडणारा निरोपच अडवतं, म्हणून जबडा आवळतो. (तुमचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालं ना? आईला विचारते.) पटकीचा (कॉलऱ्याचा) जंतू तर आतड्याच्या पेशींत शिरतही नाही. त्याच्या विषामुळे त्या पेशी क्षार बाहेर टाकत सुटतात आणि क्षारांमागे पाणी जातं. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू १८८४ पर्यंत ओळखला होता, पण त्याचं विष प्रयोगाने दाखवून दिलं ते कोलकात्याचे संशोधक शंभुनाथ डे यांनी, १९५९ मध्ये. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

आता तुमच्या पायाचं. सूज, लाली, ठणका हे बरंचसं तुमच्याच शरीराचं काम. रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी झिरपतं, पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि पू म्हणजे बहुतेक त्यांचीच मढी. तापही मेंदू स्वतः चढवतो. हे जखमेपुरतं राहिलं तर उपकारक. सगळ्या शरीरात भडकलं, तर रक्तदाब कोसळतो आणि मूत्रपिंडं, फुप्फुसं निकामी होऊ लागतात. त्यालाच सेप्सिस म्हणतात.

म्हणून बाबा, बरं वाटतंय म्हणून तुम्ही दोन दिवसांत जंतू मारायच्या (अँटिबायोटिक) गोळ्या बंद केल्यात, ते मला अजिबात पटलेलं नाही. जंतू कमी झाले होते, संपले नव्हते. डॉक्टरांना हे आजच सांगा आणि ते म्हणतील तेवढे दिवस गोळ्या घ्या. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवा. लाली रेघेबाहेर गेली, पायावर लाल पट्टा वर चढताना दिसला, थंडी वाजून ताप आला किंवा बोलण्यात घोळ व्हायला लागला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. आईलाही हे वाचून दाखवा.

रेघ ओढली की फोटो पाठवा, दिव्याखाली पाय धरून.

तुमची लेक